रिपोर्टात कॅल्शियम कमी होतं, तरी दिलं नाही

सोयाबीनची सोंगणी आटोपली, कापसाचा पहिला वेचा सुरू झाला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत पहाटेचं ग्राउंड पुन्हा भरू लागतं. ग्राउंड म्हणजे पोलीस भरतीची तयारी. शाळेमागचं पटांगण नाहीतर गावाबाहेरचा डांबरी रस्ता, आणि अंधार असतानाच धावायला हजर झालेली पोरं-पोरी. शारीरिक चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. बैठका या चाचणीत कुठेच नाहीत. तरीही मांड्या भरल्या की धावण्याची वेळ सुधारते अशी पक्की समजूत आहे, म्हणून बैठका भरपूर मारल्या जातात आणि त्यांवर पैजाही लागतात.

हे प्रकरण अशाच एका पैजेचं आहे. मुलगा 20 वर्षांचा, वजन 58 किलो, घरची कोरडवाहू शेती. गावाचं आणि त्याचं नाव देत नाही. सोंगणीच्या हंगामात दीड महिना त्याचं ग्राउंड बंद होतं. परत गेला त्याच पहाटे मित्रांनी 500 बैठकांची पैज लावली आणि ती त्यानं जिंकली. घरी येऊन चहा प्यायला आणि तसाच वावरात वेचायला गेला. ऑक्टोबरची गरमी, पाणी जेमतेम.

दुसऱ्या दिवशी त्याला पायरी उतरता येईना. संडासला बसलं की उठता येईना. संध्याकाळी गावातल्या एका औषध देणाऱ्यानं दुखण्याचं इंजेक्शन दिलं, सोबत कॅल्शियमच्या गोळ्या आणि ताकदीचं टॉनिक. तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी गडद तपकिरी झाली. घरच्यांना वाटलं काविळ. कुणीतरी मुळी उगाळून पाजली. दुपारनंतर लघवीच कमी झाली, तेव्हा त्याला आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात आणलं.

"मॅडम, लघवी कोऱ्या चायसारखी होऊन रायली," एवढंच त्याचे वडील म्हणाले. निदानाचा निम्मा रस्ता त्या एका वाक्यानं दाखवला होता.

डोळे पांढरेशुभ्र होते, म्हणजे काविळीची शक्यता तिथेच मागे पडली. दोन्ही मांड्या सुजून ताठ झालेल्या, कातडी चकाकत होती. पाय सरळ ठेवून गादीवरून उचल म्हटलं तर टाच वीतभरही वर येईना. हात मात्र पूर्ण ताकदीचे. पावलांची नाडी लागत होती, बोटांना स्पर्श नीट कळत होता, बोटं हलत होती. सुजलेल्या मांडीत या गोष्टी दर दोन-तीन तासांनी पुन्हा बघाव्याच लागतात. सूज स्नायूंच्या घट्ट आवरणात कोंडली तर रक्तपुरवठा तुटतो, आणि मग आवरण चिरून दाब मोकळा करण्यासाठी शस्त्रक्रियेशिवाय मार्ग राहत नाही.

कापूस वेचणारा मुलगा आणि लालसर काळी लघवी म्हटल्यावर घोणस आठवायलाच हवी. तिच्या विषानं रक्त गोठत नाही. कुठे चावल्याची खूण नव्हती. तरी साध्या कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवलं. नीट गोठलं. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे, आणि सिकलसेलच्या वाहकांमध्ये अतिश्रमानंतर स्नायू तुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून सोल्युबिलिटी टेस्टही केली. ती निगेटिव्ह आली.

खरं उत्तर लघवीच्या बाटलीत होतं. लॅबमधल्या ताईंनी पट्टी बुडवली आणि रक्ताचा चौकोन बघता बघता गडद हिरवा झाला. तीच लघवी मशीनमध्ये फिरवून खालचा गाळ काचपट्टीवर घेतला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी एक-दोनच. पट्टी म्हणते रक्त आहे, काच म्हणते नाही. पट्टीला तांबडी पेशी ओळखता येत नाही. लोह धरून ठेवणारा हीम नावाचा रेणू तिला कळतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो आणि स्नायूतल्या मायोग्लोबिनमध्येही. मग रक्ताची नळी फिरवून वरचा द्रव उजेडात धरला. फिक्का पिवळा, स्वच्छ. रक्तात पेशी फुटत असत्या तर तो गुलाबी दिसला असता. म्हणजे लघवीतला रंग स्नायूचा होता. मांडीचा स्नायू तुटून रक्तात उतरत होता आणि मूत्रपिंड ते गाळता गाळता थकत होतं. या आजाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात.

स्नायूच्या नासाडीचं मोजमाप देणारी सीके ही तपासणी आमच्याकडे होत नाही. नमुना जिल्ह्याला पाठवला, रिपोर्ट सकाळी आला. पण त्याची वाट बघत बसण्याचं कारण नव्हतं. पट्टी, काच आणि नळी एवढ्यावर उपचार सुरू करता येतात, आणि छोट्या रुग्णालयातल्या प्रत्येक सहकाऱ्यानं हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. पहिल्या काही तासांत दिलेलं पाणी मूत्रपिंड वाचवतं.

त्या रात्रीचे आकडे असे होते: क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की हे वाढतं) 2.1, पोटॅशियम 5.6 आणि फॉस्फरस 6.2, म्हणजे तिन्ही वाढलेले, आणि कॅल्शियम 7.1, म्हणजे कमी. रक्तातलं बरंच कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते ठीक होतं, म्हणजे कॅल्शियम खरोखरच कमी होतं. एसजीओटी बरंच वाढलेलं, एसजीपीटी त्या मानानं कमी, बिलिरुबिन सामान्य. एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताचे म्हणून ओळखले जाणारे पदार्थ स्नायूतही असतात, आणि कागदावरचा आकडा बघून अशा रुग्णाला काविळीची औषधं मिळण्याचा धोका असतो. सकाळी सीके आलं: 52,000. एरवी ते साधारण दोनशेच्या आत असतं.

वडिलांचा प्रश्न

रिपोर्ट वाचणारा घरात कुणी ना कुणी असतोच. मुलाच्या मामानं मोबाइलवर रिपोर्ट बघितला आणि वडिलांनी मला व्हरांड्यात गाठलं. "कॅल्शियम कमी दाखवून रायलं मॅडम. गोळ्या होत्या त्याही तुम्ही बंद केल्या. मंग इंजेक्शन तरी काऊन देत नाही?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की कॅल्शियम, आणि कॅल्शियम म्हटलं की हाडं. स्नायूशी त्याचं काय नातं आहे हे कुणी सांगतच नाही. त्यांना मी एवढंच म्हटलं: "पाट फुटून पाणी वावरात शिरलं की पाटातलं पाणी कमी दिसतं. तेव्हा वरून आणखी पाणी सोडलं तर तेही वावरातच जाणार." कास्तकार माणूस, त्यांना लगेच पटलं. वाचकांसाठी मात्र हे नीट उलगडून सांगायला हवं, कारण या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

स्नायूच्या प्रत्येक तंतूत दोन प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, ॲक्टिन आणि मायोसिन. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून ओढतात, धागे एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखडतो. हे सरकणं 1954 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडलं. पण विश्रांतीत ही पकड बसत नाही, कारण ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा ट्रोपोमायोसिन या प्रथिनानं झाकलेल्या असतात आणि त्यावर ट्रोपोनिन पहारा देतं. ट्रोपोनिन शोधलं जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी, 1960 च्या दशकात. त्याला कॅल्शियम चिकटलं की झाकण बाजूला सरतं आणि पकड बसते.

हे कॅल्शियम येतं तंतूच्या आतूनच. तंतूत सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या पिशव्या असतात. मज्जातंतूचा संदेश पोहोचला की त्यांची दारं, म्हणजे रायनोडीन रिसेप्टर, उघडतात आणि कॅल्शियम बाहेर पडतं. संदेश थांबला की सर्का नावाचे पंप ते परत आत ओढतात. त्यासाठी पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, लागतं. एटीपीचा एक रेणू खर्चून कॅल्शियमचे दोन कण. निवांत स्नायूच्या द्रवात कॅल्शियम इतकं कमी असतं की बाहेरच्या रक्तात ते जवळपास दहा हजार पटीनं जास्त भरतं. ताकद या फरकातून येते. कॅल्शियम किती आहे यापेक्षा ते कुठे आहे आणि किती वेळ आहे, याला महत्त्व आहे. लोकांना नेमकं हेच सांगितलं जात नाही.

आता बैठक बघा. खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचं ओझं धरून ठेवतो आणि त्याच वेळी लांबही होत जातो. आखडायचा प्रयत्न चालू असताना ताणलं जाणं हा स्नायूवरचा सगळ्यात कठीण ताण आहे. वर चढण्यापेक्षा डोंगर उतरल्यावर मांड्या जास्त दुखतात त्या याचमुळे. सवय असलेला स्नायू हे झेलतो. दीड महिना ही सवय सुटलेल्या स्नायूत काही तंतू गरजेपेक्षा जास्त ताणले जातात, त्यांच्या आवरणाला चिरा पडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. शेकडो बैठकांनंतर एटीपीही संपत आलेला असतो, त्यामुळे ते बाहेर काढणारे पंप मंदावतात.

आत अडकलेलं कॅल्शियम मग घर पोखरू लागतं. धाग्यांची पकड सुटत नाही आणि उरलासुरला एटीपीही त्यातच जातो. कॅल्पेन नावाची प्रथिनं कापणारी द्रव्यं जागी होऊन तंतूचा सांगाडा तोडतात. दुसरी द्रव्यं आवरणाची चरबी तोडतात, त्यामुळे चिरा रुंदावतात. ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया कॅल्शियम गिळून गिळून बंद पडतात. शेवटी तंतू फुटतो. मायोग्लोबिन, सीके, पोटॅशियम, फॉस्फरस रक्तात येतात आणि रक्तातलं कॅल्शियम मात्र मेलेल्या स्नायूत जाऊन फॉस्फरसबरोबर साचतं. म्हणून रिपोर्टात ते कमी दिसतं. शिरेतून आणखी दिलं असतं तर त्यातलं बरंचसं त्याच ठिकाणी जाऊन बसलं असतं, आणि स्नायू बरा होताना साचलेलं सगळं एकदम रक्तात परत आलं असतं.

कॅल्शियम द्यायचंच नाही, असा मात्र नियम नाही. पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यावर परिणाम दिसला, किंवा कॅल्शियम कमी झाल्याची लक्षणं दिसली, तर ते द्यावंच लागतं आणि तेव्हा ते जीव वाचवतं. म्हणून ईसीजी काढला. त्यात काही बदल नव्हता. बीपीचा पट्टा दंडावर फुगवून तीन मिनिटं ठेवला. हाताची बोटं आखडली नाहीत. गालावर कानापुढे टिचकी मारली, ओठ हलला नाही. झटके नव्हते, मुंग्या नव्हत्या. एवढं बघूनच कॅल्शियम थांबवलं.

पाणी, आणखी पाणी

उपचार फारसा गुंतागुंतीचा नव्हता. नॉर्मल सलाइन, सुरुवातीला वेगानं, पुढे तासाला 200 ते 300 मिली लघवी होईल इतकं. लघवीची नळी घातली आणि सिस्टरनी दर तासाचं माप लिहून ठेवलं. आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या सलाइनची बाटली खबरदारी म्हणून टाळली, कारण तिच्या एका लिटरमध्ये 4 मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. आरएलमधला आर म्हणजे सिडनी रिंगर. या लंडनच्या डॉक्टरांनी 1883 मध्ये दाखवलं की बेडकाचं हृदय ऊर्ध्वपातित पाण्यात बनवलेल्या मिठाच्या द्रावणात नीट चालत नाही, नळाच्या पाण्यात बनवलेल्या द्रावणात चालतं, कारण नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. स्नायूला कॅल्शियम लागतं हे कळण्याची सुरुवात तिथून झाली. आज ते द्रावण देशातल्या प्रत्येक वॉर्डात टांगलेलं असतं.

दुखण्याचं इंजेक्शन पूर्ण बंद केलं. त्या जातीची औषधं मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात, आणि मायोग्लोबिन तुंबलेल्या मूत्रपिंडाला तेच नको असतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिली. डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयाला पहिल्याच रात्री फोन करून ठेवला होता, पण तशी वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन 2.4 आणि सीके 57,000 पर्यंत चढलं, मग दोन्ही उतरायला लागले. सीके साधारण दर दिवसाला निम्म्याजवळ येत गेलं. लघवी आधी लिंबूरंगी, मग स्वच्छ. सातव्या दिवशी सीके पाच हजारांच्या आत, क्रिएटिनिन 1.1 आणि कॅल्शियम, काहीही न देता, 8.7.

दोन आठवड्यांनी तपासायला आला तेव्हा कॅल्शियम 10.7 होतं, वरच्या मर्यादेच्या जरा पुढे. साचलेलं परत येत होतं. भरपूर पाणी पी एवढंच सांगितलं. पुढच्या वेळी आकडा जागेवर होता. सुरुवातीला इंजेक्शनं दिली असती, वर घरच्या गोळ्या चालू राहिल्या असत्या, तर हाच आकडा कुठे गेला असता याची मला खरंच काळजी वाटते.

तुटलेलं कसं भरतं

मुलाची भीती वेगळी होती. "आता भरती गेली न मॅडम?" मांड्यांकडे बघून तो हे रोज विचारायचा. त्याला धीर देण्यासाठी खोटं बोलावं लागलं नाही, कारण स्नायूची दुरुस्तीची व्यवस्था फार सुंदर आहे.

गंमत अशी की दुरुस्तीची पहिली हाकही कॅल्शियमच देतं. आवरणाला बारीक चीर पडली की आत घुसणारं कॅल्शियम डिस्फर्लिन नावाच्या प्रथिनाला जागं करतं आणि ते काही सेकंदांत आतल्या पिशव्या आणून चीर बुजवतं. ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतः सदोष असतं, त्यांचे स्नायू तरुणपणीच क्षीण होऊ लागतात. रोजच्या व्यायामात पडणाऱ्या चिरा अशाच भरल्या जातात आणि आपल्याला कळतही नाही. पाचशे बैठकांपुढे ही डागडुजी पुरी पडत नाही.

जे तंतू गेले, त्यांच्यासाठी दुसरी सोय आहे. तंतूच्या बाहेरच्या बाजूला, आवरणाखाली, सॅटेलाइट पेशी निजलेल्या असतात. 1961 मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दाखवल्या. इजा झाली की पांढऱ्या पेशी येऊन मोडतोड साफ करतात, मग सॅटेलाइट पेशी जाग्या होतात, वाढतात आणि एकमेकींत मिसळून नवा तंतू तयार करतात. बाहेरचं आवरण शाबूत असेल तर नवा तंतू जुन्याच जागी बसतो. याला आठवडे लागतात. सूज आणि दुखणं हा याच कामाचा भाग आहे, म्हणून ते औषधानं दडपायची घाई करू नये.

नव्या तंतूला ॲक्टिन-मायोसिन लागतं आणि ते जेवणातून आलेल्या प्रथिनांतून बनतं. वडील तालुक्याच्या दुकानातून पावडरचा डबा आणायला निघाले होते. त्यांना थांबवलं. क्रिएटिनिन जागेवर येईपर्यंत नेहमीचं जेवण, त्यानंतर प्रथिनं वाढवायची, आणि तीही घरातली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे या मुलाला 48 ग्रॅम. कसून व्यायाम करणाऱ्याला किलोमागे 1.4 च्या पुढे लागतात, म्हणजे 80 ग्रॅमच्या वर. त्याचं रोजचं जेवण विचारलं: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भाकर आणि मिरचीचा ठेचा, रात्री भात आणि पातळ वरण. एवढ्यावर तो 1600 मीटर धावत होता.

या घरात दरवर्षी सोयाबीन पिकतं आणि सगळं बाजार समितीत जातं. मला याचं वाईट वाटतं. डाळींमध्ये शंभर ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, सोयाबीनमध्ये त्याहून बरीच जास्त, आणि सोयाबीनची वडी किराणा दुकानात सहज मिळते. मग ताटच बदललं. सकाळी ग्राउंडवरून आल्यावर भिजवलेला हरभरा आणि दोन उकडलेली अंडी, दुपारी भाकरीबरोबर झुणका किंवा वडीची भाजी, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे-फुटाणे, रात्री घट्ट वरण आणि एक पेला दूध. ज्वारीत लायसिन कमी असतं, ते डाळ भरून काढते. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी देते. म्हणून भाकर आणि झुणका एकाच ताटात असणं ही मोठी शहाणी गोष्ट आहे. दिवसाची प्रथिनं रात्रीच्या एकाच जेवणात भरण्यापेक्षा तिन्ही वेळा वाटून घेतलेली बरी. कॅल्शियमही दूध, तीळ आणि शेवग्याच्या पाल्यातून मिळू लागलं. रक्तातला आकडा स्थिरावल्यावर ते खायला काहीच हरकत नव्हती.

परत ग्राउंडवर

सीके हजाराच्या खाली येईपर्यंत फक्त घरातल्या घरात चालणं. मग पांदणीनं सपाटीवर चालणं. सहाव्या आठवड्यात खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठणं त्याला सहज जमलं, तेव्हा हळू धावण्याची परवानगी दिली. बैठका त्यानंतर, पहिल्या आठवड्यात दिवसाआड दहा-दहाच्या दोन फेऱ्या. संख्या आठवड्याला थोडीच वाढवायची. मांडी दुखते आहे तोवर वाढवायची नाही. यामागे स्नायूची एक ठाऊक असलेली सवय आहे. ताणत आखडण्याचा थोडासा व्यायाम एकदा झाला की पुढच्या काही आठवड्यांत त्याच व्यायामानं होणारी इजा पुष्कळ कमी होते. दीड महिन्याच्या सुट्टीनंतर त्यानं पहिल्या दिवशी वीस बैठका मारल्या असत्या तर हीच सवय त्याच्या कामी आली असती.

ग्राउंडवर पोरांना शिकवणारा दादा, स्वतः भरती झालेला, एका रविवारी मला भेटायला आला. खूप अस्वस्थ होता. आम्ही बसून त्याच्यासाठी एक कागद केला. सोंगणी, लग्न, आजारपण, कशामुळेही तीन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला तर पहिला आठवडा निम्म्याहून कमी. बैठकांची पैज नाही, शिक्षा म्हणूनही बैठका नाहीत. पाण्याची कॅन ग्राउंडवर असेल. सिकलसेलचा वाहक असेल त्यानं दादाला एकट्यात सांगावं. त्याला काढून टाकायचं नाही, विश्रांती जास्त द्यायची. आणि व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर दुखण्याची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना.

मुलाच्या कार्डावर मी आणखी एक नोंद लाल पेनानं केली आहे. एवढ्या स्पष्ट कारणानं एकदाच असं झालं असेल तर जनुकीय तपासणीची गरज नसते. पण थोड्याशा श्रमानं पुन्हा झालं, किंवा घरात कुणाला असं होत असेल, तर स्नायूची ऊर्जा बनवणाऱ्या एन्झाइममधले दोष आणि रायनोडीन रिसेप्टरचं जनुक तपासायला हवं. कॅल्शियम सोडणाऱ्या त्या दारातच जन्मतः दोष असणाऱ्यांना काही भुलीच्या वायूंनी कॅल्शियम एकदम सुटून जिवावर बेतणारा ताप येऊ शकतो. म्हणून कार्डावर लिहिलं: शस्त्रक्रियेची वेळ आल्यास भूलतज्ज्ञांना हा आजार आधी सांगावा. वडिलांनी ते माझ्यासमोर दोनदा वाचलं, मोबाइलवर फोटो काढून मामाला पाठवला आणि मुलाच्या धाकट्या बहिणीला ग्राउंडवर न्यायचं तर किती बैठकांपासून सुरुवात करायची, ते विचारलं.